आडनाव नसलेला संदर्भ

माणसं सापाला भितात, विंचवाला भितात. त्या उन्हाळ्यात मी स्वल्पविरामाला भीत होते. आडनाव, स्वल्पविराम, नाव, पूर्णविराम, मग पुस्तकाचं शीर्षक, प्रकाशक, गाव, साल. यातलं काही इकडचं तिकडं झालं की नांदेडहून माझा लेख हिरव्या शाईत न्हाऊन परत येई. न्हायला मिळत होतं ते त्या लेखालाच. आम्हा लातूरकरांना नळाची तोटी उघडली की आतून नुसती हवा ऐकू यायची. शेजारीण म्हणायची, "एवढं तरी येतंय."

लातूर जिल्हा होऊन फार वर्षं झाली नव्हती. साहेब नवे, कचेऱ्यांच्या पाट्या नव्या, दुष्काळ तेवढा जुनाच. मी मूळची नांदेडची. लातूरच्या एका कॉलेजात तात्पुरती प्राध्यापिका होते आणि दर उन्हाळ्यात 'पुढच्या वर्षी ठेवतात की काढतात' या काळजीनं वाळत असे. प्राचार्य एकदा म्हणाले, "मॅडम, एखादा लेख छापून आणा, मग कायम करण्याचं बोलू." लेख म्हणजे नांदेडहून निघणाऱ्या एका संशोधन पत्रिकेतला. तिचे संपादक माझेच जुने सर, निवृत्त झालेले आणि त्यामुळे जास्तच कडक. मी लेखाला विषय घेतला तो दुष्काळात पाणी भरणाऱ्या बायकांचा. विषय सरांना आवडला. संदर्भ मात्र एकही आवडेना.

सरांनी छापील नियमावली पाठवली होती. लागोपाठ तोच संदर्भ आला तर 'तत्रैव', मध्ये दुसरा घुसला तर 'उनि', म्हणजे उपरिनिर्दिष्ट. मी 'तत्रैव' लिहावं आणि मग मला मध्येच एखादी नवी तळटीप सुचावी, की खालचे सगळे 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाचे होऊन बसत. पाहुणा जेवायला मध्येच बसला म्हणजे वाढपी चुकतो, तसं. शेवटी प्रत्येक संदर्भ वेगळ्या पोस्टकार्डाच्या मागे लिहून काढला आणि ती कार्डं बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली. बाहेर जाताना मी कपाटाला कुलूप लावलं का हे एकदा बघत असे, डब्याचं झाकण लागलं का हे चारदा.

त्यात गावांचे जिल्हे. चाकूरजवळच्या ज्या गावाबद्दल मी सगळ्यांत जास्त लिहिलं होतं, ते निजामाच्या कागदांत बीदर जिल्ह्यात, नंतरच्या गॅझेटिअरात उस्मानाबादेत आणि आता लातुरात. जुने उर्दू कागद मला माझ्या वडिलांनी वाचून दाखवले होते. त्यांची शाळा उर्दूत झालेली. सरांनी समासात विचारलं, 'एकच गाव तीन जिल्ह्यांत कसे?' मी तळटीप दिली की गाव जागच्या जागी होतं, जिल्हे हिंडत होते. त्याखाली हिरव्या शाईत आलं, 'विनोद नको. साल द्या.'

मी तीन गावं हिंडले होते. दोन औशाच्या बाजूची आणि हे चाकूरजवळचं. हे तिसरं सुचवलं आमच्या स्टाफरूममधल्या एका सहकाऱ्यानं. तो त्या गावच्या पाटलांचा धाकटा मुलगा. स्वभावानं चांगला, बोलायला मोकळा, पण वडिलांचा विषय निघाला की आवाज खाली. "आमच्या गावाला जा की मॅडम," तो म्हणाला. "लई टंचाई हाय. तुमच्या लेखाला कमी पडणार न्हाई."

तिथंच मला मावशी भेटली. मी बौद्धवाड्यात शिरले, जयभीम घातला, एका ओसरीवर बसले. माझी आई बिलोली तालुक्यातली आहे हे बोलण्यात निघालं आणि समोरची बाई हातातलं सूप खाली ठेवून म्हणाली, "अगं बाई, मंग तू माझ्या म्हायेरचीच की!" तिचंही माहेर बिलोलीकडचं, मांजरेच्या काठचं. तेव्हापासून ती माझी मावशी झाली.

मावशीनं मला जे सांगितलं ते त्या लेखात जाण्याजोगं होतं आणि जायला नकोही होतं. गावातला हातपंप आटलेला. टँकर चावडीपुढं उभा राहायचा आणि बौद्धवाड्याचा नंबर येईपर्यंत त्यातून गाळ निघायचा. पाटलांच्या मळ्यातल्या विहिरीला तेवढं पाणी होतं, पण पाटील आमच्या माणसांना विहिरीच्या थारोळ्याला, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडीलाही, उभं राहू देत नसत. त्यांची थोरली सून मात्र दुपारी मळ्यात भाकरी घेऊन जायची. सासरा जेवून बाभळीखाली आडवा झाला की ती आपल्या हातानं शेंदून मावशीची घागर भरून द्यायची. कारण एवढंच की तिचंही माहेर बिलोलीकडचं, मावशीच्या गावाला लागून. लहानपणी दोघींनी एकाच नदीचं पाणी प्यालेलं.

"ती म्हणती, म्हायेरच्या बाईला तान्हेली कशी ठिवू?" मावशी सांगत होती. "पर म्हाताऱ्याला कळलं तर तिला उभी चिरंल. लिव तू, पर माझं नाव नको. तिचं तर न्हाईच न्हाई."

मी शब्द दिला. आणि कार्डावर लिहून घेतलं.

सरांना तो परिच्छेद फार भावला. 'हा लेखाचा प्राण आहे,' त्यांनी लिहिलं, 'म्हणूनच त्याला पक्का संदर्भ हवा. मुलाखत देणाऱ्याचे आडनाव, नाव, वय, गाव, दिनांक. जो संदर्भ दुसऱ्याला सापडत नाही, तो संदर्भ नव्हे, अफवा.' हे त्यांचं आवडतं वाक्य. वर्गातही ते हेच म्हणायचे आणि आम्ही वहीत उतरवून घ्यायचो.

झालं, माझी झोप उडाली. नाव द्यावं तर शब्द मोडतो, न द्यावं तर परिच्छेद जातो आणि त्याच्यामागोमाग माझी कायम नोकरी. आडनाव तर आणखीच अवघड. आपल्याकडं आडनाव कळलं की गल्ली कळते. मग मला एक युक्ती सुचली आणि मी स्वतःवरच खूश झाले. मी लिहिलं: 'मुलाखत: बिलोली तालुक्यातून या गावी लग्न होऊन आलेली स्त्री, वय अंदाजे पन्नास.' नाव नाही, आडनाव नाही, जात नाही. बिलोली तालुका केवढा मोठा! सरांनी कुरकुरत मान्य केलं. वय आणि दिनांक मात्र नक्की करून कळवा, असं पत्रात लिहिलं. लेख आता छापखान्यात जातो आहे.

ती बातमी स्टाफरूममध्ये फुटलीच. पाटलांचा धाकटा मुलगा रोज विचारू लागला, "आमच्या गावाचं नाव येतंय ना मॅडम?" त्याला पत्रिका शेवटून वाचायची सवय होती. अंक हातात पडला की आधी संदर्भसूची, आपलं नाव कुणी घेतलंय का ते बघायचं, मग जमलं तर लेख. प्राध्यापकांतले बरेचजण असंच वाचतात. मीही वाचते. तेव्हा मात्र ते ऐकून त्या संध्याकाळी मी मावशीचं कार्ड डब्यातून उगाच पुन्हा काढून वाचलं. उगाच, असं मी स्वतःला समजावलं.

मावशीचं वय विचारायला मी पुन्हा त्या गावाला गेले. वस्तीत यावेळी तिचं घर पटकन ओळखू येईना. दारापुढचं लिंबाचं झाड पाल्यासाठी छाटून नेलं होतं. एसटी थांबते तिथं एक माणूस विड्या वळत बसला होता. मी कार्डावरचं नाव वाचून विचारलं. रेशनकार्डावरचं, सासरचं नाव.

"ह्या नावाची कोण बाबा?" तो विचारात पडला. "कुठल्या गल्लीतली?"

"बौद्धवाड्यातली. पन्नाशीची असेल."

"मंग बिलोलीची म्हणा की!" तो हसला. "सरळ बोलावं. ते नाव कोण घेतंय हितं?" आणि बोटानं दिशा दाखवून वर आपणहून म्हणाला, "बिलोलीकडच्या दोघीच हायत्या ह्या गावात. एक ही, अन् एक पाटलाची थोरली सून."

मी कार्ड पिशवीत लपवलं. त्या गावांत सुनेला कुणी नावानं हाक मारत नाही. ती ज्या गावाहून आली त्या गावाची होऊन राहते. उदगीरची, औशाची, बिलोलीची. मरेपर्यंत. मी वाढले नांदेडच्या सरकारी क्वार्टरमध्ये, तिथं बायका अमक्याची आई, तमक्याची आई. मला ही पद्धत ठाऊक नव्हती असंही नाही, पण कार्ड लिहिताना ती डोक्यात आली नाही. मी लपवायला गेले आणि लपवायच्या होत्या त्या दोघींचीच नावं, गाव ज्या नावांनी हाक मारतं ती, छापखान्यात पाठवून मोकळी झाले. आता अंक येणार, धाकटा मुलगा तो शेवटून उघडणार आणि पहिल्याच बोटाला त्याला मावशी सापडणार, आणि मावशीमागं घरातली वहिनी.

मावशीला मी सगळं सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. ऐकता ऐकता खडे वेचून बाजूला टाकत राहिली.

"शिकलीस म्हनून सांगितलं तुला," ती शेवटी म्हणाली. "अन् तू दवंडी दिलीस."

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको, पानी हाय का डोळ्यातून काढायला." हे ती रागानंच म्हणाली, पण म्हणून झाल्यावर तिचा राग थोडा उतरला. "माझं काय? मी टँकरमागं पळीन. तिला दोन लेकरं हायती. तिनं कुठं जावं?"

मी म्हणाले की मी नांदेडला जाते, तो परिच्छेदच काढून टाकते.

"अन् तुझी नोकरी?"

मीही खडे वेचायला लागले. मग तिनं विचारलं, "त्या मास्तरला निस्तं नाव पायजे का खरं नाव पायजे?"

"खरं. पण रेशनकार्डावरचं नाव नको मावशी. ते सरपंचाकडं आहे, मतदार यादीत आहे."

"त्ये माझं नव्हंच," मावशी म्हणाली. "लग्नात सासरच्यांनी ठिवलेलं. माझ्या बापानं ठिवलेलं येगळं. हितं कुनाला ठाव न्हाई. नवऱ्यालाबी इसरलं असंल." तिनं दाराकडं बघितलं आणि ते नाव मला सांगितलं. सांगताना जरा लाजली. मी कार्डावर लिहून घेतलं.

लातूरहून नांदेडची एसटी अहमदपूरला थांबली, मग लोह्याला थांबली, आणि प्रत्येक थांब्यावर मला वाटत होतं की छापखान्याचं यंत्र आत्ता फिरायला लागलं. डबा मांडीवर होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "बिस्किटं लेकरांला का?" मी हो म्हणाले.

सर घरीच होते. तपासायची मुद्रितं त्यांच्या टेबलावर होती, अजून छापखान्यात परत गेली नव्हती. मला एवढं हायसं वाटलं की नमस्कार करायचा राहून गेला. मी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"म्हणजे संदर्भ फारच चांगला सापडतोय," ते म्हणाले. ते हसले नाहीत. "बरं, नवं नाव सांग. आडनाव?"

"आडनाव नाही सर. तिच्या वडिलांना गावात कुणी आडनावानं ओळखत नव्हतं. नुसतं नाव आहे."

"गाव?"

"लेखात तीन गावं आहेत. कुठली बाई कुठल्या गावची ते लिहायचं नाही. माहेरही नाही. आणि मोठ्या घरची सून म्हटलंय तिथं शेतकरी घरातली सून म्हणायचं."

"मग शोधणाऱ्यानं शोधायचं कसं?"

"शोधू नये, सर."

त्यांनी पेन खाली ठेवला. "मी तुम्हाला आयुष्यभर काय शिकवलं?"

मला ते पाठ होतं. पण सरांपुढं कधी न चढलेला माझा आवाज तेव्हा चढला. "सर, हा संदर्भ कुणाला सापडला तर एका बाईचं पाणी बंद होतं आणि दुसरीचं घर सुटतं. तुम्हाला चालत नसेल तर माझा लेख परत द्या." मी हात पुढं केला. मला तो मागं घ्यावासा वाटत होता. कायम नोकरी त्या कागदांत होती, भाड्याची खोली होती, यंदा कायम होईन असा वडिलांना दिलेला शब्द होता.

सरांनी लेख दिला नाही. त्यांनी मुद्रित आपल्याकडं ओढलं. "नाव खरं आहे?"

"तिच्या बापानं ठेवलेलं आहे."

"ती बोलली हे खरं आहे?"

"माझ्यासमोर."

त्यांनी बिलोलीची ओळ हिरव्या शाईनं आडवी खोडली, शाई खालच्या ओळीवर उतरेपर्यंत. वर ते नाव लिहिलं. मग सूचीत तिची जागा शोधायला लागले, कारण आडनाव नसलं तरी अकारविल्हे ही अकारविल्हे. ती एका सरकारी गॅझेटिअरच्या खाली आणि पुण्याच्या एका मोठ्या विद्वानाच्या वर आली. दोघांच्या नावांत स्वल्पविराम होते, हिच्या नावात नव्हता. "नियमावलीत बसत नाही," सर स्वतःशीच पुटपुटले, पण नाव तसंच ठेवलं. मला चहा दिला आणि निघताना म्हणाले, "दिनांकसुद्धा नको मग. उगाच कुणी एसटीचं तिकीट जुळवेल." माझ्याहून जास्त भीती त्यांनाच वाटू लागली होती, बहुतेक.

अंक आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये होते. पाटलांच्या धाकट्या मुलानंच पाकीट फोडलं आणि शेवटचं पान उघडलं. त्याचं बोट खाली सरकत होतं. मी चहाचा कप धरून बसले होते, चहा कधीच संपला होता. बोट थांबलं.

"ही कोण मॅडम? हिचं आडनाव कुठं हाय? छापखान्यानं खाल्लं काय?"

"आडनाव नाही तिला."

त्यानं नाव मोठ्यानं वाचलं. सगळ्या स्टाफरूमला ऐकू गेलं. मग मान हलवली. "आमच्याकडची न्हाई ही. ह्या नावाची बाईच न्हाई आमच्या गावात." त्याला जरा वाईट वाटलेलं दिसलं. "गावाचं नाव आलंय, पर आमच्याकडचं कुणी बोललं न्हाई वाटतं तुमच्याशी?"

"नाही," मी म्हणाले. "कुणीच बोललं नाही."

त्यानं अंक मिटला आणि दुसऱ्या एका प्राध्यापकाच्या लेखावर बोलायला लागला. मी उठून बाहेर गेले आणि व्हरांड्याच्या कठड्याला धरून उभी राहिले. पुढं मला कॉलेजनं कायम केलं. त्या दिवशी मात्र तो विषय डोक्यातही नव्हता.

एक अंक पिशवीत घालून मी गावाला गेले. दुपारची वेळ होती. मावशीच्या ओसरीवर भरलेली घागर होती, तोंडाला ओला फडका बांधलेला. मला ती बघूनच बरं वाटलं. तिला वाचता येत नव्हतं. मी शेवटचं पान उघडलं, तिचं बोट धरून नावावर ठेवलं. ती कागदाकडं बघत राहिली. बोट तिनं उचललं नाही.

"हेच का?"

"हेच."

"वाच."

मी वाचलं. ते नाव मी इथं लिहिणार नाही. पाटील गेले, पुढं मावशीही गेली, गावात आता नळ आहेत, तरी नाही.

"हळू," मावशी म्हणाली आणि गल्लीकडं बघितलं. कुणी नव्हतं. पदरानं तोंड पुसलं, बोट तसंच कागदावर.

"बाप मेल्यापून कुनी हाक मारली न्हाई," ती म्हणाली. "अजून एकदा वाच."